चौतीस दिवसांचा हंगाम

गहुंज्याचे क्रिकेट स्टेडियम उघडले आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याचा हॉकी संघ संपला. १ एप्रिल २०१२, रविवार. द्रुतगती महामार्गाच्या कडेला, देहूरोडच्या अंगाला उभ्या राहिलेल्या त्या भव्य स्टेडियमचे उद्घाटन शरद पवारांच्या हस्ते झाले. सोमवारी, २ एप्रिलला, मुंबईत चर्चगेट स्टेशनसमोरच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमवर वर्ल्ड सिरीज हॉकीचा अंतिम सामना झाला. एका बाजूला शेर-ए-पंजाब, दुसऱ्या बाजूला पुणे स्ट्रायकर्स. पंजाबने तो ५-२ असा जिंकला. पुणे उपविजेते ठरले. आठ संघांच्या देशव्यापी स्पर्धेत पहिल्याच वर्षी अंतिम फेरी गाठणे ही लहान गोष्ट नव्हती. पण तो संघ त्यानंतर कधी मैदानात उतरला नाही, आणि ती स्पर्धाही पुन्हा झाली नाही.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आज हॉकी म्हटले की नेहरूनगरचे ध्यानचंद स्टेडियम आठवते आणि खडकीचा धनराज आठवतो. पुणे स्ट्रायकर्स हे नाव फारसे कोणाला आठवत नाही. भारतातल्या खेळाडूंनी आपल्या घामाची किंमत मागितली, त्या मागणीचा तो संघ एक टप्पा होता. आणि त्या मागणीची ठिणगी याच परिसरात पडली होती.

आधी जमीन समजून घेऊ. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर हॅरिस पुलाच्या अलीकडे खडकी आणि बोपोडी, मुळा ओलांडली की दापोडी, कासारवाडी, पिंपरी. खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना, शेजारी लष्कराची छावणी, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र. जिथे छावणी तिथे मोकळी मैदाने आणि जिथे मैदाने तिथे हॉकी, हे गणित पुण्यातही जुळले. कारखान्याच्या कामगार वसाहतीत वाढलेला धनराज पिल्ले याच मातीतला. जन्म १६ जुलै १९६८, खडकी. घर तमिळ, पण गल्ली खडकीची. तुटक्या स्टिका दोरीने बांधून तो आणि त्याची भावंडे मऊ, धुळीच्या मैदानावर खेळायची. तो पुढे मोठा भाऊ रमेशच्या पाठोपाठ मुंबईला गेला, महिंद्राकडून खेळला, मग इंडियन एअरलाइन्सकडून. १९८९ ते २००४ या काळात भारतासाठी ३३९ सामने, चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. पुण्याच्या हॉकीला याहून मोठे नाव लाभलेले नाही.

नदीच्या पलीकडची गोष्ट वेगळी. तिथे कारखाने आले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, नंतर टेल्को, बजाज आणि त्यांच्या मागोमाग शेकडो लहानमोठे कारखाने. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका. जकातीच्या उत्पन्नावर श्रीमंत झालेल्या या महापालिकेने नेहरूनगरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाने कृत्रिम गवताचे हॉकी स्टेडियम उभे केले. हे काम किती महत्त्वाचे होते ते खेळाबाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी खऱ्या गवतावरून टर्फवर गेली. त्या ऑलिंपिकमध्ये भारत सातवा आला. टर्फ महाग, त्यावर पाणी मारत राहावे लागते, काही वर्षांनी ते बदलावे लागते. मातीवर कितीही सुंदर ड्रिबलिंग करणाऱ्या पोराला टर्फ मिळाले नाही तर राष्ट्रीय पातळीवर त्याचा निभाव लागत नाही. त्यामुळे एखाद्या शहरात टर्फ असणे म्हणजे तिथल्या मुलांसाठी दार उघडे असणे. या पट्ट्याला अशी दोन दारे मिळाली. एक नेहरूनगरचे, दुसरे मुळेच्या काठी वाकडसमोर असलेल्या बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलातले. ते संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी बांधले होते.

बालेवाडीतच जानेवारी २०१० मध्ये एक घटना घडली. भारतीय हॉकीचा इतिहास लिहिणाऱ्याला ती टाळता येणार नाही.

दिल्लीतला विश्वचषक दीड महिन्यावर आला होता. राष्ट्रीय संघाचे सराव शिबिर बालेवाडीत चालू होते. आणि एका सकाळी खेळाडूंनी सरावाला नकार दिला. कर्णधार राजपाल सिंग आणि त्याचे सहकारी म्हणाले, आमचे थकलेले पैसे द्या, मग स्टिक हातात घेतो. हॉकी इंडिया या नव्या संघटनेचे उत्तर होते की तिजोरीत पैसे नाहीत. दरडोई पंचवीस हजार रुपये देऊ केले गेले, खेळाडूंनी ते नाकारले. विश्वचषक आपल्या देशात, आणि आपलाच संघ संपावर. काही दिवस साऱ्या देशाचे डोळे बालेवाडीकडे लागले होते. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षपद तेव्हा पुण्याचेच खासदार सुरेश कलमाडी यांच्याकडे होते. अखेर संघाचा प्रायोजक सहारा समूह पुढे आला, त्याने एक कोटी रुपये दिले आणि शिबिर पुन्हा सुरू झाले.

एक कोटी. हा आकडा लक्षात ठेवावा. कारण दोनच महिन्यांनी, मार्च २०१० मध्ये, त्याच सहाराने आयपीएलमधला पुण्याचा क्रिकेट संघ ३७ कोटी डॉलरला, म्हणजे सुमारे १,७०० कोटी रुपयांना विकत घेतला. गहुंज्याचे स्टेडियम उघडले ते याच संघाचे घर म्हणून, सहाराचे प्रमुख सुब्रत रॉय यांचे नाव लावून. क्रिकेटच्या यशाचा मला आकस नाही. पण देशासाठी विश्वचषक खेळायला निघालेल्या साऱ्या संघाचा हिशेब एका कोटीत मिटवला जातो आणि त्याच शहराच्या नावाच्या एका क्रिकेट संघाची किंमत त्याच्या सतराशे पट लागते, हे पाहून त्या खेळाडूंना काय वाटले असेल? त्या विश्वचषकात भारताने पहिल्याच दिवशी पाकिस्तानला ४-१ हरवले, पण शेवटी आठव्या स्थानावर समाधान मानावे लागले.

खेळाडूंची ही तक्रार जुनी होती. १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी सुवर्णपदक जिंकले. पैशांबद्दल बोलल्यावर तोच कर्णधार आणि काही ज्येष्ठ सहकारी पुढच्या संघातून वगळले गेले. हॉकीपटूचे पोट रेल्वे, पोलीस, एअरलाइन्स, तेल कंपन्या यांच्या नोकरीवर चालायचे, आणि देशाकडून खेळण्याचे मोल संघटनेच्या मर्जीवर ठरायचे. खेळ हाच व्यवसाय करून जगता यावे, ही वाट कोणी दाखवत नव्हते. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग निघाली. त्यात मराठा वॉरियर्स हा संघ होता, कर्णधार धनराजच. पण तिचे सामने एकदोन शहरांतच व्हायचे. मराठा वॉरियर्सला महाराष्ट्रात घरचे मैदान नव्हते. चार हंगाम झाले आणि २००८ मध्ये तीही थांबली.

२००८ हे साल भारतीय हॉकीसाठी काळेच म्हणावे लागेल. मार्चमध्ये चिलीतल्या सँटियागो इथे ब्रिटनकडून ०-२ हरून भारत बीजिंग ऑलिंपिकला मुकला. तोवर असे कधी घडले नव्हते. पुढच्याच महिन्यात एका वृत्तवाहिनीने भारतीय हॉकी महासंघाच्या सचिवावर संघनिवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप करणारे छुपे चित्रण दाखवले. ऑलिंपिक संघटनेने महासंघाची मान्यता काढली. २००९ मध्ये हॉकी इंडिया स्थापन झाली. जुना महासंघ न्यायालयात गेला, आणि मे २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याची मान्यता काढण्याचा निर्णय रद्द ठरवला. आता एका खेळाला दोन धनी झाले. एकाच्या हाती न्यायालयाचा निकाल, दुसऱ्याच्या हाती आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता. वर्ल्ड सिरीज हॉकीचा जन्म या भांडणातून झाला.

जुन्या महासंघाने निंबस या क्रीडा-प्रसारण कंपनीशी हातमिळवणी केली. निओ स्पोर्ट्स ही वाहिनी निंबसचीच. आठ शहरे-प्रांतांचे आठ संघ ठरले: पुणे स्ट्रायकर्स, मुंबई मरीन्स, शेर-ए-पंजाब, चंदिगड कॉमेट्स, दिल्ली विझार्ड्स, भोपाळ बादशाह, कर्नाटक लायन्स आणि चेन्नई चीताज. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. साखळीत ५६ सामने, मग दोन उपांत्य आणि एक अंतिम, असे एकूण ५९. हॉकीत घरचा आणि परगावचा असा फेरा देशभर घालणारी लीग भारतात याआधी झाली नव्हती. महाराष्ट्राचे दोन संघ त्यात होते, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने आणि हॉकी इंडियाने या स्पर्धेला अमान्य ठरवले. अमान्य स्पर्धेत खेळाल तर राष्ट्रीय संघाचे दार बंद, असा इशारा खेळाडूंपर्यंत पोहोचला. स्पर्धा डिसेंबर २०११ मध्ये सुरू व्हायची होती. पण फेब्रुवारीत दिल्लीला लंडन ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा होती, म्हणून ती पुढे ढकलली गेली. तिथे भारताने अंतिम सामन्यात फ्रान्सला ८-१ असे हरवले, त्यात एकट्या संदीप सिंगचे पाच गोल. तीन दिवसांनी, २९ फेब्रुवारीला, चंदिगडमध्ये वर्ल्ड सिरीज हॉकीचा चेंडू पुढे सरकला.

खेळाडूंची दोन वाटांवर फाटाफूट झाली, आणि त्यातली प्रत्येक निवड कठीण होती. सरदार सिंग, संदीप सिंग देशाच्या संघात राहिले. बालेवाडीच्या संपातला कर्णधार राजपाल सिंग चंदिगड कॉमेट्सचा कर्णधार झाला. प्रभज्योत सिंगने शेर-ए-पंजाबचे नेतृत्व घेतले, अर्जुन हलप्पाने कर्नाटक लायन्सचे. यांच्यापैकी कोणी देशद्रोह केला असे मला वाटत नाही, आणि देशाच्या संघात राहिलेल्यांनी सहकाऱ्यांना वाऱ्यावर सोडले असेही मी म्हणणार नाही. हॉकीपटूच्या हाती दहाबारा वर्षे असतात. त्यातले एखादे वर्ष कुठे टाकायचे हा हिशेब ज्याचा त्यालाच करावा लागतो. सीमेपलीकडूनही रेहान बट, शकील अब्बासी यांच्यासारखे नामवंत खेळाडू आपल्या महासंघाची नाराजी पत्करून आले. प्रशिक्षकांत नेदरलँड्सचे रोएलंट ओल्टमन्स आणि स्पेनचे होसे ब्रासा होते. ब्रासा म्हणजे २०१० च्या विश्वचषकात भारतीय संघाचे प्रशिक्षक. बालेवाडीचा तो जानेवारी त्यांनी जवळून पाहिला होता.

आणि धनराज. त्रेचाळिसाव्या वर्षी, आंतरराष्ट्रीय निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, तो पुन्हा बूट बांधून टर्फवर उतरला. पण पुण्याच्या नव्हे, कर्नाटक लायन्सच्या रंगात. खडकीच्या पोराने पुण्याचा शर्ट घालून पुण्याच्या संघातून एक तरी सामना खेळावा, अशी इच्छा अनेकांच्या मनात असणार. ते योगात नव्हते. तरी त्याच्या वयाच्या निम्म्या पोरांबरोबर तो धावला, ही गोष्ट आकडेवारीत मावणारी नाही.

स्पर्धेच्या नावाआधी प्रायोजकाचे नाव होते: ब्रिजस्टोन. टायर बनवणाऱ्या या जपानी कंपनीचा देशातला दुसरा कारखाना तेव्हा चाकणला आकार घेत होता आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तिथून टायर बाहेर पडू लागले. प्रायोजकत्वाचा आणि कारखान्याचा एकमेकांशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण चाकण, तळेगाव, भोसरी इथे इतके उद्योग, इतका पैसा, शिफ्ट सुटल्यावर खेळ पाहायला येऊ शकतील असे इतके तरुण कामगार असताना इथल्या उद्योगांनी मिळून आपल्या परिसराचा एक हॉकी संघ उभा करावा, ही कल्पना त्या वेळी कोणी मनावर घेतली नाही. पुणे स्ट्रायकर्सचे नाव पुण्याचे होते. त्याची मुळे मात्र पुण्यात रुजायला वेळच मिळाला नाही. ज्या संघाला गावातल्या शाळा, क्लब, कारखाने यांचा आधार नाही, त्याचा मालक उठला की संघ उठतो.

सामने चार भागांत खेळले जात. तोवर आंतरराष्ट्रीय हॉकीत पस्तीस-पस्तीस मिनिटांची दोन सत्रे असायची. दूरचित्रवाणीला आणि प्रेक्षकाला उसंत मिळावी म्हणून लीगवाल्यांनी चार भाग केले, तेव्हा जुन्या जाणत्यांना ते रुचले नव्हते. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानेच पंधरा मिनिटांचे चार भाग स्वीकारले. लीगची चूल विझली, पण तिच्यावर शिजलेले पुढे सगळ्यांनी खाल्ले. चंदिगडकडून पेनल्टी कॉर्नरवर गोलांचा पाऊस पाडणारा तरुण गुरजिंदर सिंग याच स्पर्धेत देशाला ठाऊक झाला आणि नंतर भारतीय संघातही आला.

पाच आठवडे हा फेरा चालला. पुण्याने चौदा साखळी सामने पार करून पहिल्या चारांत जागा घेतली, उपांत्य सामना जिंकला आणि २ एप्रिलला महिंद्रा स्टेडियम गाठले. अंतिम सामन्यात पंजाब सरस ठरले. दोनच दिवसांनी, ४ एप्रिलला, आयपीएलचा पाचवा हंगाम सुरू झाला. वर्तमानपत्रांच्या शेवटच्या पानावरून हॉकी एका रात्रीत उतरली. ८ एप्रिलला गहुंज्यात आयपीएलचा पहिला सामना झाला.

पुढचे थोडक्यात सांगता येते. निंबसचे पाय स्पर्धेआधीच लटपटू लागले होते. डिसेंबर २०११ मध्ये क्रिकेट मंडळाने थकबाकीच्या कारणावरून तिचा प्रसारण करार रद्द केला होता. ज्या कंपनीचा मुख्य झरा आटला, तिने नवी लीग पोसायची कशी? दुसऱ्या हंगामाच्या घोषणा झाल्या, तो पुढे ढकलला गेला आणि झालाच नाही. जानेवारी २०१३ मध्ये हॉकी इंडियाने स्वतःची हॉकी इंडिया लीग काढली. तिच्या लिलावात सरदार सिंगवर ७८ हजार डॉलरची बोली लागली. तीन वर्षांपूर्वी दरडोई पंचवीस हजार रुपये देऊ करणाऱ्या संघटनेच्याच लीगमधला हा भाव होता. त्या बदलामागे बालेवाडीचा संप आणि वर्ल्ड सिरीज हॉकीचा धाक नव्हता, असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही. मात्र या नव्या लीगच्या पाच संघांत पुणे नव्हते.

त्याआधी, २०१२ च्या ऑलिंपिकसाठी लंडनला गेलेला भारतीय संघ सहाच्या सहा सामने हरला आणि बारा संघांत बारावा आला. दोन धन्यांच्या भांडणात खेळाची काय अवस्था होते, हे त्या एका ओळीत दिसते.

धनराज आणि आणखी काही माजी खेळाडूंनी हा प्रश्न वेगळ्याच दारी नेला होता. खेळाडूने कोणत्या स्पर्धेत खेळायचे हे एका संघटनेने मान्यतेच्या जोरावर ठरवणे म्हणजे बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर, अशी तक्रार त्यांनी २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. ३१ मे २०१३ ला बहुमताचा निकाल आला: हॉकी इंडियाने स्पर्धा कायद्याचा भंग केलेला नाही. मात्र नियंत्रक म्हणून असलेले अधिकार आणि स्पर्धा भरवण्यातला स्वतःचा आर्थिक फायदा यांची सरमिसळ होऊ नये म्हणून अंतर्गत व्यवस्था हवी, असेही आयोगाने सुचवले. मला विचाराल तर निकालाचा हा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे. जो नियम करतो तोच दुकानही चालवत असेल, तर शेजारचे दुकान बंद पाडण्याचा मोह त्याला होणारच.

हे फक्त हॉकीचे दुखणे नाही. बास्केटबॉलमध्येही राष्ट्रीय महासंघाने २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी तीस वर्षांचा करार केला, पण त्यातून अपेक्षित असलेली व्यावसायिक लीग वर्षानुवर्षे आलीच नाही. त्या पोकळीत २०१५ मध्ये यूबीए ही खासगी लीग उतरली. आठ संघ, त्यात पुणे पेशवाज. २०१७ नंतर तीही बंद पडली. क्रिकेटमध्ये झीच्या इंडियन क्रिकेट लीगची २००७ ते २००९ या काळात तीच गत झाली. आणि ज्याच्यासाठी गहुंज्याचे स्टेडियम उघडले, तो सहाराचा पुणे वॉरियर्स संघही तीन हंगामांत संपला. २०१३ मध्ये तो बाद झाला आणि स्टेडियमवरून सुब्रत रॉय यांचे नावही उतरले. केवळ पैसा कमी पडला म्हणून हॉकीचा संघ मेला, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

नेहरूनगरचे टर्फ मात्र आहे. डिसेंबर २०२१ मध्ये वरिष्ठ पुरुष गटाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा तिथेच झाली, देशभरचे संघ पिंपरीत राहून खेळले. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर थांबली होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्या नव्या संघांतही पुण्याचे नाव नाही.

एक विनंती आहे. २०१२ च्या त्या पाच आठवड्यांत पुणे स्ट्रायकर्सचे सामने ज्यांनी पाहिले, त्या सामन्यांत पंच, पाणीवाले, चेंडू आणून देणारी मुले, स्वयंसेवक म्हणून ज्यांनी काम केले, त्यांतले बरेच जण आज खडकी, पिंपरी, वाकड, बालेवाडीतच असतील. तुमच्याकडे एखादे तिकीट, एखादा फोटो, सामन्याचे पत्रक, खेळाडूची सही असेल तर ती रद्दीत घालू नका. आठवणी लिहून ठेवा. ध्यानचंद स्टेडियमच्या एका भिंतीवर त्या संघासाठी जागा करायला महापालिकेला फार खर्च येणार नाही.